आधी पुस्तकं बघा, मग यंत्र : ई-बुक रीडर कसा निवडायचा?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय बऱ्याच श्रोत्यांनी सुचवलेला आहे. "ई-बुक रीडर घ्यायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की शेवटी म्हटलं, एक अख्खा भागच करून टाकू. पण आधीच सांगतो, "अमुक मॉडेल घ्या" असं मी आज सांगणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात. मी सांगणार आहे निवडायचं कसं. आणि त्यासाठी माझी फजिती आधी सांगावी लागेल.

आईचं वाढदिवसाचं प्रेझेंट

माझी आई निवृत्त शिक्षिका. आमची मावशी बरीच वर्षं अंथरुणाला खिळून आहे. दुपारी जेवणं झाली की आई तिच्या उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवायची. रोज एक प्रकरण. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, काहीही. मग आईच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक छपाई दिसेना. भिंग घेऊन वाचून बघितलं, पण दहा मिनिटांत हात दुखायचा. हळूहळू दुपारचं वाचन बंद पडलं.

मी काय केलं, तर सहा इंची ई-बुक रीडर घेतला. मोठ्या उत्साहानं त्यात दोनशेच्या वर पुस्तकं भरली, सगळी पीडीएफ. आईच्या हातात दिला. तिनं चष्मा वर-खाली केला, मशीन जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाली, "अरे, हे पुस्तक आहे का मुंग्यांची रांग?" मी म्हटलं, "अगं, अक्षर मोठं करता येतं." मोठं करायला गेलो, तर पानाचा एक कोपराच मोठा झाला. ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीला परत डावीकडे. तिनं दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मशीन कपाटात गेलं.

मी सगळ्यांना सांगत फिरलो की आईला नवीन तंत्र जमत नाही. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की चूक आईची नव्हती. मशीनचीही नव्हती. मी फाइलचा प्रकार बघितलाच नव्हता. म्हणून आज आपण उलट्या टोकानं सुरुवात करू. आधी पुस्तकं, मग पडदा, आणि सगळ्यात शेवटी यंत्र.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, ईपब म्हणजे वाहतं पाणी

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीनं १९९३ साली आणला. त्याचा हेतू असा की कागदपत्र कुठल्याही संगणकावर उघडलं, कुठल्याही प्रिंटरवर छापलं, तरी अगदी तसंच दिसावं. म्हणजे प्रत्येक अक्षर पानावर नेमकं कुठे बसणार, हे त्यात ठरलेलं असतं. लग्नपत्रिका, अर्ज, पावती यांच्यासाठी हे उत्तमच. पण पान लहान पडद्यावर आलं की अख्खं पान आक्रसतं.

थोडा हिशोब करू. सहा इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. प्रत्यक्षात असा पडदा साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. त्यावर १२ पॉइंटात टाइप केलेलं अक्षर सहा इंची पडद्यावर जेमतेम ५ पॉइंटाचं दिसतं. औषधाच्या डबीतल्या चिठ्ठीवर असतं ना, तेवढं! मुंग्यांची रांग म्हणजे हीच.

ईपब वेगळं आहे. ते २००७ साली प्रमाण स्वरूप म्हणून आलं. ईपब फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं. त्यात वेबपानांसारखाच मजकूर असतो : हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. अक्षर कुठे बसेल हे त्यात ठरलेलं नसतं, ते रीडर ठरवतो. तुम्ही अक्षर दुप्पट केलंत की ओळी नव्यानं लागतात आणि पानं वाढतात. पाणी जसं भांड्याचा आकार घेतं, तसा मजकूर पडद्याचा आकार घेतो.

मग कुणी म्हणेल, पीडीएफचं ईपब करून टाकू, त्यात काय! कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते हे काम करतं. पण निकाल बहुतेक वेळा कडू-गोड. कारण पीडीएफला "परिच्छेद" म्हणजे काय हेच बऱ्याचदा माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की हे अक्षर इथे आणि ते तिथे. त्यामुळे वाक्य मध्येच तुटतं, पान क्रमांक मजकुरात घुसतो, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव दर दीड परिच्छेदानं उगवतं. मात्र मूळ वर्ड फाइल मिळाली आणि ती युनिकोडमध्ये असली, तर तिचं ईपब सुरेख होतं. म्हणजे नेहमी मूळ फाइल मागा, पीडीएफ मागू नका.

मराठीची खास अडचण

इथे आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा दोन गोष्टी जास्त तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी, आणि डीटीपीच्या धंद्यात त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी पुस्तकं ज्या फॉन्टमध्ये जुळवली गेली त्यात संगणकाच्या लेखी रोमन अक्षरंच असायची. फक्त त्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. डोळ्यांना "क" दिसतो, पण आत भलतंच अक्षर असतं. अशा पीडीएफमधून मजकूर बाहेर काढला की नुसता रोमन चिन्हांचा गोंधळ मिळतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि मेसेजच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटलं तर युनिकोड. अगम्य काहीतरी उमटलं तर जुना फॉन्ट. आणि ओळ निवडताच आली नाही, तर तो स्कॅन, म्हणजे निव्वळ फोटो.

स्कॅनमधून मजकूर काढता येतो. त्याला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर मराठीही ओळखतं. पण जुन्या छपाईत अनुस्वार, रफार, जोडाक्षरं चुकतात. एखादं पुस्तक फारच जिव्हाळ्याचं असेल तरच हा खटाटोप करा, कारण पुढे मुद्रितशोधन तुम्हालाच करायचंय.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. फाइल युनिकोड असली तरी रीडरला अक्षरं नीट जोडता यायला हवीत. काही जुन्या यंत्रांत वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं. म्हणून दुकानात किंवा मित्राच्या मशीनवर माझी ही चाचणी करून बघा. एका फाइलमध्ये ही ओळ लिहून न्या : "दर्यावर नावा, डोंगरात दऱ्या, विठ्ठलाच्या हृदयात कृपा, ज्ञानाची नवी तऱ्हा." दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आपला आडवा अर्धा र. हा आडवा र मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. त्यामुळे "हिंदी चालतं" म्हणजे "मराठी चालतं" असं समजू नका. या ओळीत काही मोडलेलं दिसलं, तर आधी फॉन्ट बदलून बघा. अनेक रीडरमध्ये आपल्या पसंतीचा फॉन्ट टाकायची सोय असते. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळणारे फॉन्ट चांगले आहेत. तरीही मोडलं, तर ते यंत्र मराठीसाठी नको.

तुम्ही म्हणाल, एका अक्षरासाठी एवढं कशाला? मनात वाचताना आपण अंदाजानं पुढे जातो, ते खरं. पण मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याची जीभ त्याच अक्षरावर अडखळते. आईचं तसं व्हायचं.

आता पडदा

ई-इंक म्हणजे काय, ते थोडक्यात. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण द्रवात तरंगत असतात. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून योग्य विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. झालं पान! एकदा कण जागेवर बसले की ते तसेच राहतात. वीज लागते ती पान उलटताना, आणि दिवा लावला तर दिव्याला. म्हणूनच याची बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. मोबाइलच्या पडद्याचं तसं नाही, तो सतत उजेड फेकत राहतो. ई-इंक कागदासारखा बाहेरचा उजेड परत पाठवतो. त्यामुळे भर उन्हात, अंगणात बसून वाचता येतं.

हे कण हलायला वेळ लागतो. म्हणून पान उलटताना पडदा क्षणभर काळा-पांढरा होतो, आणि कधीकधी आधीच्या पानाची पुसट सावली राहते. हा बिघाड नाही, तो या तंत्राचा स्वभाव आहे. बोटानं भराभर सरकवायची सवय असलेल्याला मात्र सुरुवातीला चीड येते.

पडदा निवडताना चार गोष्टी बघा.

एक, ठिपके. इंचाला किती ठिपके, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. स्वस्त किंवा जुन्या यंत्रांत १६७ ते २१२ असतात, चांगल्यांत ३००. इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांत भागवून घेतं. देवनागरीत शिरोरेषा, वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, पोटात जोडाक्षर, एवढा सगळा संसार एका ओळीत मांडायचा असतो. मराठीसाठी मी ३००च्या खाली जाणार नाही.

दोन, दिवा. ई-इंकमध्ये दिवा पडद्याच्या मागे नसतो. कडेला बारीक एलईडी असतात आणि त्यांचा उजेड वरून पडद्यावर पसरवला जातो. उजेडाचा रंग पिवळसर करता येत असेल तर रात्री बरं वाटतं. काही अगदी प्राथमिक जुन्या मॉडेलांत दिवाच नसतो. सेकंड-हँड घेताना हे नक्की विचारा.

तीन, रंग. रंगीत ई-इंक आता मिळतं. त्याच्या सध्याच्या प्रचलित प्रकारात काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची जाळी बसवलेली असते. तिच्यामुळे पडदा थोडा काळवंडतो आणि रंगीत चित्रांना ठिपके निम्मेच मिळतात, ३००च्या जागी १५०. नकाशे, मुलांची पुस्तकं यांच्यासाठी ठीक. नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर काळा-पांढराच जास्त स्वच्छ दिसतो. दिवाळी अंकांच्या रंगीत, दोन-तीन स्तंभांच्या पीडीएफसाठी तर साधा टॅब्लेटच बरा.

चार, आकार. ज्यांना अक्षर मोठं लागतं, त्यांचा रीडरही मोठा हवा. सहा इंचावर अक्षर खूप मोठं केलं की ओळीत तीन-चार शब्दच मावतात. त्यात मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवला असेल तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन ओळी डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळ्या ठेवा. आणि शक्य असेल तर सात-आठ इंची घ्या. आपल्या कादंबऱ्या साधारण डेमी आकारात छापतात, म्हणजे पान १४ सेंटिमीटर रुंद. सव्वादहा इंची पडद्यावर असा स्कॅन जवळपास मूळ आकारात दिसतो, सहा इंचीवर दोन तृतीयांश. म्हणजे तुमचा संग्रह मुख्यतः जुन्या पुस्तकांच्या स्कॅनचा असेल, तर पैसे साठवून मोठाच घ्या. फक्त तो जड असतो, आडवं पडून वाचणाऱ्यांनी आधी हातात धरून बघावा.

कुलूप कोणाच्या हातात?

आता पैशांइतकाच महत्त्वाचा भाग. विकतच्या ई-बुकला बहुधा डिजिटल कुलूप असतं. ते पुस्तक ठरावीक कंपनीच्या यंत्रात किंवा ॲपमध्येच उघडतं.

किंडलचं उदाहरण घेऊ. ॲमेझॉननं डिसेंबर २०१६मध्ये भारतात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं किंडलवर आणली. निवड चांगली आहे, खरेदी सोपी आहे. पण ती पुस्तकं दुसऱ्या कंपनीच्या रीडरवर सहसा जात नाहीत. केबलनं ईपब टाकलं तर किंडल ते उघडत नाही. मात्र ॲमेझॉनच्या "सेंड टू किंडल" सेवेतून पाठवलं, तर रूपांतर होऊन येतं. ही सोय २०२२पासून आहे. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं किंडलमध्ये टाकायची सोय होती, ती कंपनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली.

कुलपाचा अर्थ काय, हे २००९च्या जुलैमध्ये जगाला कळलं. हक्क नसलेल्या विक्रेत्यानं चढवलेली ऑर्वेलची दोन पुस्तकं, "१९८४" आणि "ॲनिमल फार्म", ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकली. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. मायक्रोसॉफ्टनं तर २०१९मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तकं उघडेनाशी झाली.

माझा अनुभव लहान आहे. एका दुकानातून मावशीच्या आवडीची चार मराठी पुस्तकं घेतली. पैसे भरल्यावर कळलं की ती त्यांच्या मोबाइल ॲपमध्येच उघडतात, आमच्या रीडरवर नाही. चूक माझीच, बारीक अक्षरातली सूचना वाचली नव्हती. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : "ही फाइल मला माझ्या रीडरवर नेता येईल का?" उत्तर "आमच्या ॲपमध्ये वाचा" असं आलं, आणि तुमची बरीच आवडती पुस्तकं तिथेच असली, तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर बघा. त्यात अशी ॲप टाकता येतात. त्याची बॅटरी मात्र साध्या रीडरपेक्षा लवकर उतरते.

मोकळी पुस्तकं कुठे मिळतात?

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. असं साहित्य मराठी विकिस्रोतावर मिळतं आणि तिथून ईपब उतरवता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानकडेही शेकडो पुस्तकं आहेत. मात्र या दोन ठिकाणी मुख्यतः पीडीएफ मिळतात, हे लक्षात असू द्या.

तर मग क्रम असा

एका कागदावर पुढच्या वर्षात वाचायची दहा पुस्तकं लिहा. प्रत्येकासमोर ते कुठे मिळतं आणि कुठल्या स्वरूपात, ते लिहा. बहुतेक किंडलच्या दुकानात असली तर किंडल घ्या, उगाच वाद घालू नका. बहुतेक ईपब असली तर ईपब थेट उघडणारा कुठलाही बरा रीडर चालेल. बहुतेक स्कॅन असली तर मोठा पडदा. बहुतेक रंगीत अंक असली तर टॅब्लेट. आणि दहापैकी आठ पुस्तकं फक्त कागदावरच मिळत असली, तर मंडळी, ग्रंथालयाची वर्गणी भरा. ते पैसे वाया जाणार नाहीत.

आमच्याकडे शेवटी काय झालं? मशीन बदललं नाही. तेच सहा इंची, कपाटातून काढलं. दोनशे पीडीएफ पुसल्या. अकरा ईपब टाकली, फक्त अकरा. अक्षर मोठं केलं, ओळींतली जागा वाढवली, फॉन्ट बदलला, दिवा पिवळसर केला. ओळीत चारच शब्द मावतात, पान सारखं उलटावं लागतं, हे आहेच. आईला मी ते विचारलंही. ती म्हणाली, "पान उलटायला काय रे, अंगठा तर हलवायचा."

दुपारचं वाचन पुन्हा सुरू झालंय. मावशीची एकच तक्रार आहे : पूर्वी पुस्तकाची जाडी बघून किती उरलंय ते कळायचं, आता कळत नाही. म्हणून आई रोज वाचून झाल्यावर खालचा आकडा तिला मोठ्यानं सांगते. "आज बेचाळीस टक्के झालं गं."

तुमची दहा पुस्तकांची यादी झाली की मला जरूर कळवा. आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.